बॅटरी धरायला सांगणाऱ्या मामांना

मामा, नमस्कार.

तुमच्या दुकानाला पाटी नाही आणि मी त्या दिवशी नाव विचारायचं विसरले, म्हणून 'मामा'च लिहिते. मी राजारामपुरीतली शिकवणीवाली बाई. जूनमध्ये पावसात, प्रिंटर मांडीवर घेऊन रिक्षातनं शाहूपुरीत तुमच्याकडं आले होते ती. टाकीतली शाई कलंडू नये म्हणून सगळी वाट तो ताटासारखा सरळ धरला होता. उतरले तेव्हा दोन्ही हात भरून आले होते.

तुमच्या आधी दोन ठिकाणी जाऊन आले होते, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. सांगायची लाज वाटली. पहिल्या दुकानात काचेचं दार, एसी, सगळं झकपक. तिथल्या पोरानं मशीन उचललं आणि प्लायवूडच्या आड आत नेलं. दहा मिनिटांत बाहेर येऊन म्हणाला, "शाई सोडणारं हेड गेलंय, बोर्डपण गेला असणार. नवीनच घ्या, ह्याचे ८०० देतो." बघायचे म्हणून ३५० रुपये घेतले ते वेगळेच. 'असणार' म्हणजे काय हो? पेपर तपासताना उत्तर बरोबर 'असणार' म्हणून मी मार्क देत नाही. दुसऱ्यानं तर मशीन बघितलंच नाही. फोनवरनंच तीन वेळा कॉम्प्युटरातला ड्रायव्हर काढायला आणि घालायला लावला. मधल्या काळात मी घरी आपली आपण आठ वेळा हेड क्लीनिंग मारलं. काळी शाई बोटभर खाली गेली, पण अक्षरं सुधारली नाहीत.

आणि इकडं स्कॉलरशिपचे सराव पेपर अडलेले. प्रत्येक ओळीतनं पांढरी रेघ जायची. पाचवीतला एकजण म्हणाला, "बाई, हितं वजाबाकी हाय का नुसतीच जागा सोडलीय?" वजाची खूण नेमकी त्या पांढऱ्या रेघेत गडप झालेली. घरी ह्यांचं एकच, घेऊन टाक नवीन. तेरा हजार काय झाडाला लागलेत?

तुम्ही पहिल्यांदा काय केलंत, तर वायर लावून मशीनवरच एक झेरॉक्स काढलीत. तीसुद्धा तशीच रेघांची आली. "झेरॉक्स बी तशीच येतीया न्हवं? मग कॉम्प्युटरचा काय दोष?" तीन वेळा ड्रायव्हर घालायला लावणाऱ्याला हे एक वाक्य सुचलं नव्हतं.

आणि मग ते. तेवढ्यासाठीच खरं तर हे पत्र.

तुम्ही मशीन आत नेलं नाहीत. टेबलावर माझ्याकडं तोंड करून ठेवलंत, झाकण उघडलंत आणि माझ्या हातात बॅटरी दिलीत. "धरा जरा, बाई. मशीन तुमचं हाय, तुमास्नी दिसाय नगो व्हय?" एका हातानं हेड सरकवलंत, दुसऱ्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं त्याखालची रबराची चौकट दाखवलीत. काम नसताना हेड तिच्यावर झाकून बसतं, म्हणून शाई वाळत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. त्या रबराच्या काठावर काळा, डांबरासारखा थर साचला होता आणि त्यात एक केस चिकटला होता. माझाच असावा. दोन महिने सुट्टीत मशीन बंद, त्यात मी कायम भिंतीवरचं बटण दाबून बंद करणारी, त्यामुळं हेड कधी जागेवर बसायचं, कधी मधेच राहायचं. चूक माझी होती. ती तुम्ही तोंडानं सांगितली नाहीत, उजेडात दाखवलीत.

माझे वडील उद्यमनगरात लेथवर होते. गिऱ्हाइकाला बोलवून घासलेला भाग त्याच्या तळहातावर ठेवायचे, आणि मगच पैशाचं बोलायचे. तुमच्याकडं बॅटरी धरून उभी असताना ते आठवले. आपल्या ह्या कोल्हापूरला उघडून बघायची खोड जुनीच आहे. १९२० च्या आधी बाबूराव पेंटरांनी इथंच स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा घडवला, तोसुद्धा कुणी 'नवीन घ्या' म्हटलं म्हणून नव्हे. आता त्याच गावात प्लायवूडचे आडोसे उभे राहिलेत ह्याचं मला वाईट वाटतं. पोराला काही येत नव्हतं असं मी म्हणत नाही. येत असेलही. पण मी बघितलेलं त्याला नको होतं.

पुढं काय काय केलंत ते लिहीत बसत नाही, मला सगळं कळलंही नाही. हेड रात्रभर भिजत ठेवलंत, दुसऱ्या दिवशी तपासणीच्या छपाईचे दोन कागद हातात दिलेत, कालचा आणि आजचा. कालच्यावर काळ्या रेघांच्या पायऱ्या तुटक्या, आजच्यावर एक सोडून सगळ्या अखंड. ती एक येणार नाही असं तुम्ही सरळ सांगितलंत, आणि खरंच, पेपरात ती कुणाला दिसत नाही.

घ्यायचं का नवीन, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही आजच्या कागदाच्या मागं पेननं लिहून दिलंत. खालचा शाई पिणारा स्पंज भरला तर बदला, स्वस्तात होतंय. हेडच बदलायची पाळी आली तर करू नका, निम्म्याच्या वर पैसे त्यातच जातील, तवा नवीन घ्या. आणि खाली हिशेब, ३०० रुपये फक्त. तो कागद मी वर्गातल्या कपाटाला आतनं चिकटवलाय.

आठ वेळा क्लीनिंग मारलं हे ऐकून तुम्ही कपाळाला हात लावला होता. ती सगळी शाई त्या स्पंजातच गेली म्हणे. आता नाही मारत.

मशीनवरच्याच बटणानं बंद करते. पावसाळ्यात कागदाचा गठ्ठा डब्यात ठेवते, ओलीनं प्रिंटर दोन-दोन पानं ओढत होता ते थांबलं. आठवड्याला एक रंगीत पान काढायचं सांगितलं होतंत, ते दर शनिवारी काढते. मागच्या बाजूला पोरं चित्रं काढतात. गेल्या शनिवारी लाईट नव्हती, म्हणून रविवारी काढलं.

तुमची,
राजारामपुरीच्या बाई