टिंबे गळालेल्या बंदिशींच्या पुस्तकाबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्रंथनिर्मिती व विक्री विभाग

विषय : बंदिशसंग्रहाच्या नव्या आवृत्तीतील स्वरलिपीच्या चुका व आठ प्रती परत घेण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

मी मिरजेत गेली सव्वीस वर्षे गायनाचा वर्ग चालवते. जूनमध्ये आपल्याकडून या संग्रहाच्या नव्या आवृत्तीच्या आठ प्रती मागवल्या. प्रतीला ४५० रुपये, वर टपालखर्च, असे ३,७२० रुपये आगाऊ भरले. जुनी आवृत्ती माझ्यापाशी आहे. तिची शिवण उसवली आहे, पाने पिवळी पडली आहेत, पण टिंब एकही हललेले नाही. नवी हातात आली तेव्हा बरे वाटले होते. कव्हर देखणे, कागद पांढराशुभ्र. हे बरे वाटणे दुसऱ्याच तासाला संपले.

पान ४७ वर पूरिया रागातली मध्यलयीची बंदिश आहे. मोठ्या मुलींपैकी एकीला ती घरून वाचून यायला सांगितली होती. ती आली आणि स्वच्छ सोहनी, म्हणजे दुसराच राग, गायली. आधी मला तिचीच चूक वाटली. पुस्तक हातात घेतले तेव्हा कळले की पोरीने छापले होते तेच गायले आहे. स्वर लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीत मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाच्या स्वराखाली टिंब असते आणि तार म्हणजे वरच्या सप्तकाच्या स्वरावर टिंब असते, हे आपल्याला मी सांगायला नको. (खरे तर सांगायलाच हवे, असे आता वाटू लागले आहे.) या पानावर खालची सगळी टिंबे गेली आहेत. पूरियाचा जीव मंद्रात आणि नेमकी तीच खूण नाही. 'नि रे सा' एवढेच दिसते. मुलगी हुशार. निषाद मधल्या सप्तकातला असेल तर त्यावरून एकदम खाली उडी कशाला मारायची, म्हणून तिने रे-सा तारातले धरले. पूरिया आणि सोहनीचे स्वर तेच, कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही. फरक आहे तो चलनात, म्हणजे स्वरांच्या चालीत, आणि सप्तकात. वर चढलात की सोहनी झालीच.

पान ६२ वरच्या तोडी रागाची गत याहून वाईट. रे, ग, ध यांच्या खालच्या कोमलाच्या आडव्या रेघा नाहीत आणि मध्यमावरची तीव्राची उभी रेघही नाही. उरला तो सगळ्या शुद्ध स्वरांचा बिलावल!

मी आपल्या कार्यालयात फोन केला. पलीकडून उत्तर मिळाले, "मॅडम, प्रूफ दोनदा वाचलंय, शुद्धलेखनाची एक चूक दाखवा." दाखवता येणार नाही, आणि दुखणे तेच आहे. पान ७० ते ७८ मध्ये एक गंमत दिसते. तारातल्या सा, रे, ग यांवरची टिंबे गेली आहेत, पण मराठी प्रस्तावनेतले अनुस्वार जागच्या जागी आहेत. 'सां रें गं' पाहून आपल्या मुद्रितशोधकांनी १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे ते अनुच्चारित अनुस्वार समजून काढून टाकले की काय, अशी मला दाट शंका आहे. तसे असेल तर त्या गृहस्थांवर माझा राग नाही. तारसप्तकाचे टिंब अनुस्वाराच्या जागी ठोकले तर वाचणारा दुसरे काय समजणार? जुन्या आवृत्तीत ते मात्रेच्याही वर, थोडे सुटे आणि ठसठशीत आहे. कुणाचा घोटाळा होत नाही.

रेघांचे कारण वेगळे असावे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आणताना अक्षरे येतात, अधोरेखन मागे राहते. पण अक्षराखालची आडवी रेघ आणि डोक्यावरची उभी रेघ वेदपाठाच्या खुणा म्हणून युनिकोडमध्ये आहेतच. त्या अक्षराला चिकटून राहतात, मजकूर इकडून तिकडे नेला तरी गळत नाहीत. अक्षरे जुळवणाऱ्याने त्या वापरल्या असत्या तर काम भागले असते.

आता पान ९१. इथल्या तीन बंदिशी पलुस्कर पद्धतीच्या, म्हणजे वेगळ्याच स्वरलिपीच्या, कुठल्या तरी वहीतून उचलून तशाच छापल्या आहेत. पलुस्करबुवा याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले, त्यांच्या लिपीबद्दल मला आदरच आहे. पण त्या लिपीत स्वरावरचे टिंब म्हणजे मंद्र आणि स्वरावरची उभी रेघ म्हणजे तार. भातखंड्यांचे टिंब याच्या थेट उलटे, आणि उभी रेघ फक्त तीव्र मध्यमाची. पलुस्कर पद्धतीत सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, '१' या आकड्याने दाखवतात आणि खालीला, म्हणजे टाळी न देण्याच्या जागेला, '+' लिहितात. भातखंडे पद्धतीत समेला '×' आणि खालीला '०'. पान ९० वर एक आणि ९१ वर दुसरी, मध्ये एका ओळीची सूचना नाही. मुलीने काय करायचे? पान उलटले की कान बदलायचे?

मांडणीबद्दल थोडक्यात. तीनतालाच्या सोळा मात्रा चार चौकटींत उभ्या ओळीने जुळल्या पाहिजेत, वर स्वर, त्याच्या बरोबर खाली अक्षर, त्याखाली तालखूण. आपण स्पेस मारून जुळवले आहे. त्यामुळे 'नि'सारखे रुंद अक्षर आले की पुढचे सगळे सरकते. पान ५३ वर समेचे अक्षर पंधराव्या मात्रेखाली आले आहे. स्वर लांबवायची आडवी रेघ आणि अक्षर लांबवायचा अवग्रह (ऽ) यांचीही अदलाबदल झाली आहे. एका मात्रेतले स्वर बांधणारी खालची कमान कुठे दोन स्वरांची तर कुठे अडीच स्वरांची!

आणि एक. बंदिशीचा पहिला भाग, स्थायी, उजव्या पानावर आणि दुसरा, अंतरा, त्याच पानाच्या पाठीवर. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो, उजवा पट्ट्यांवर. पान कुणी उलटायचे? पाश्चात्त्य स्वरलिपी छापणारे लोक वादकाला विश्रांती आहे तिथे पान संपवायला बघतात. आपल्याकडे तेवढे नको, बंदीश समोरासमोरच्या दोन पानांवर बसवा, पुष्कळ झाले. कागदही पातळ आहे. ट्यूबलाइटखाली धरला की मागच्या पानावरची टिंबे पुढच्या स्वरांखाली दिसतात. जिथे हवीत तिथे नाहीत आणि नकोत तिथे उमटतात, असा प्रकार आहे.

फोनवर मला शुद्धिपत्र पाठवण्याचे सुचवले गेले. ते मला चालणार नाही. कथेच्या पुस्तकात एक काना राहिला तर वाचक मनातल्या मनात भरून घेतो. इथे शिकणाऱ्या मुलीला काय गळले हेच ठाऊक नसते, आणि चुकीची जागा एकदा गळ्यात बसली की काढायला महिने जातात. सोहनी गाणाऱ्या त्या मुलीचा पूरिया मी अजून दुरुस्त करते आहे.

तरी कृपया आठही प्रती आपल्या खर्चाने परत न्याव्यात आणि ३,७२० रुपये माझ्या खात्यात जमा करावेत. पुढचे मुद्रण करण्यापूर्वी गाणाऱ्या माणसाकडून प्रूफ पेटीवर वाजवून तपासून घ्यावे. सुरुवातीला चिन्हपरिचयाचे एक पान द्यावे, जुन्या आवृत्तीत ते होते. हवी असल्यास माझी जुनी प्रत मी नजरेसमोर स्कॅन करून देईन, पोस्टाने मात्र पाठवणार नाही.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे जावे लागेल. पार्सल बांधून ठेवले आहे. वर्ग संध्याकाळी पाच ते आठ असतो, माणूस त्याआधी पाठवावा.

कळावे,
आपली एक जुनी ग्राहक
(गायनशिक्षिका, मिरज)

सोबत : पावतीची झेरॉक्स, पान ४७, ५३, ६२ व ९१ च्या झेरॉक्स, चुकांवर लाल खुणा करून, जुन्या आवृत्तीतील पूरियाच्या बंदिशीची झेरॉक्स.