बुरशी एक, औषधे अनेक

संपादक महोदय,
सेफॅलोस्पोरिन गटाची प्रतिजैविके (जिवाणूंविरुद्धची औषधे) थेट बुरशीतून येतात, हे अर्धेच खरे. 1945 मध्ये इटलीच्या सार्डिनिया बेटावर शास्त्रज्ञ ब्रोत्झू यांना सांडपाण्याच्या तोंडाशी सापडलेली ती बुरशी. तिच्या वाणांपासून मिळते ते सेफॅलोस्पोरिन-सी, तेही टाकीत भरपूर हवा खेळती ठेवली तर. प्राणवायू कमी पडला की गाडी मध्येच अडते आणि पेनिसिलिन-एन हा मधल्या टप्प्याचा पदार्थ साचत जातो. पुढे विकरांनी (एन्झाइमांनी) सेफॅलोस्पोरिन-सीच्या रेणूची बाजूची साखळी तोडून 7-एसीए हा त्याचा गाभा काढतात. त्याला नव्या साखळ्या जोडल्या की सेफ्ट्रिॲक्झोनसारखी औषधे तयार होतात.

गंमत म्हणजे जिवाणूंचे हत्यारही विकरच! ईएसबीएल हे जिवाणूंचे विकर औषधाच्या रेणूतले चार अणूंचे बीटा-लॅक्टम वलय फोडते, की औषध निकामी. त्याची जनुके प्लाझ्मिडवरून (डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावरून) शेजारच्या जिवाणूतही जातात. एन्टरोकॉकस या जिवाणूवर तर बहुतेक सेफॅलोस्पोरिन मुळातच चालत नाहीत.

– एक वाचक