वक्तेच नसतील, तर तारे कुणाला द्यायचे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सॉफ्टवेअर टेस्टिंग आणि कंटिन्युअस इंटिग्रेशन (कोडमधला प्रत्येक बदल लगेच एकत्र जोडून आपोआप तपासणे) या विषयांवरच्या खुल्या परिषदांबद्दल थोडे लिहायचे आहे. इथे ना भाषणे, ना छापील कार्यक्रमपत्रिका. आलेल्यांनीच विषय मांडायचे, वेळापत्रक भिंतीवर लावायचे आणि गोल बसून बोलायचे. परिषद संपली की सोमवारी सकाळी मेलमध्ये अभिप्रायाचा फॉर्म येतो आणि त्यात विचारलेले असते: 'वक्त्याचे सादरीकरण कसे वाटले? १ ते ५ तारे द्या.' जिथे वक्ताच नव्हता तिथे तारे कुणाच्या नावावर मांडायचे? म्हणून आयोजकांना कळवायचे ते आपल्या सदरातून कळवत आहोत. पुण्यात अशी परिषद भरवू पाहणाऱ्या इतरांनाही ते उपयोगी पडेल.

ही पद्धत तशी जुनी आहे. हॅरिसन ओवेन यांनी १९८३ मध्ये मोठ्या खटपटीने एक परिषद भरवली आणि सगळ्यांनी कौतुक केले ते चहाच्या सुट्टीतल्या गप्पांचे. मग सुट्टीचीच परिषद का करू नये, या विचाराने १९८५ मध्ये 'ओपन स्पेस' पद्धत सुरू झाली. टेस्टिंगच्या क्षेत्रात ती रुजवली 'सिटकॉन'ने. क्रूझकंट्रोल या सुरुवातीच्या बिल्ड सर्व्हरवर (कोडची बांधणी, म्हणजे बिल्ड, करून टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर) काम केलेल्या पॉल ज्युलियस आणि जेफ्री फ्रेड्रिक यांनी २००६ मध्ये शिकागोत ती सुरू केली. शुक्रवारी संध्याकाळी विषय ठरवायचे, शनिवारी दिवसभर चर्चा, प्रवेश फुकट. आपल्याकडचा साचा साधारण तोच, पण शुक्रवारची संध्याकाळ आपण वाया घालवतो. आमची मुख्य तक्रार हीच आहे.

हिशेब साधा आहे. ९० माणसे आली आणि प्रत्येकाने एक मिनिट ओळख करून दिली, तर दीड तास तिथेच गेला. प्रत्यक्षात एका मिनिटात कुणी थांबत नाही. कंपनी, पद, अनुभवाची वर्षे, मागची कंपनी. त्याआधी दीपप्रज्वलन आणि पुष्पगुच्छ असतातच. विषय मांडायची वेळ येईपर्यंत साडेआठ वाजतात, लोक घड्याळाकडे बघू लागतात आणि फळ्यावर 'ऑटोमेशन', 'एआय आणि टेस्टिंग', 'डेव्हऑप्स' असल्या ढोबळ विषयांच्या चिठ्ठ्या लागतात. अशा विषयावर शनिवारी ५० मिनिटे फक्त मतप्रदर्शन होते. ओळखीला माणशी २० सेकंद ठेवावेत: नाव, आणि सध्या बिल्डमध्ये काय अडते आहे ते एका वाक्यात. ९० जणांचे अर्ध्या तासात उरकते, आणि निम्मे विषय त्या वाक्यांतूनच मिळतात.

चिठ्ठीला एकच नियम पुरे: विषय प्रश्न म्हणून लिहायचा, शेवटी प्रश्नचिन्ह हवेच. 'सेलेनियम' (ब्राउझर आपोआप चालवून तपासणारे साधन) एवढेच लिहू नये. 'सेलेनियमच्या ४०० टेस्ट चार तास चालतात, त्यातल्या कुठल्या युनिट टेस्टमध्ये उतरवता येतील?' असे लिहावे. (युनिट टेस्ट म्हणजे कोडच्या एकेका तुकड्याची झटपट टेस्ट.) प्रायोजक कंपन्या डेमो गुपचूप विषय म्हणून लावतात, त्यालाही यामुळे आळा बसतो, कारण विक्रीचा डेमो प्रश्नाच्या रूपात लिहिणे अवघड जाते. त्यांना चहाच्या टेबलाशेजारी जागा द्यावी, ज्याला बघायचे तो बघेल.

मग येते विषयांची जोडणी. पाच खोल्या आणि पाच तास म्हणजे पंचवीस जागा, चिठ्ठ्या मात्र चाळीस. आयोजक उत्साहाने 'हे दोन सारखेच दिसतात' म्हणत चिठ्ठ्या एकमेकींवर चिकटवतात, आणि नेमका धारदार प्रश्न ढोबळ प्रश्नाच्या पोटात जातो. चिठ्ठी लिहिणारे दोघेही हो म्हणाले तरच जोडणी करावी. मतांसाठी माणशी तीन ठिपके ठीक आहेत, पण चार मते पडलेला विषय फेकून देऊ नये, त्याला सर्वात लहान खोली द्यावी. चार जणांची चर्चा बहुधा सर्वात खोल जाते. आणि वेळापत्रक शुक्रवारी रात्रीच 'फायनल' करू नये. शनिवारी सकाळी साडेनऊपर्यंत चिठ्ठ्या हलवायची मुभा असली, तर एकाच वेळी आलेले दोन लोकप्रिय विषय लोक आपणच वेगळे करतात.

चर्चा नीट जमली की काय हाती लागते, याचे एक उदाहरण देतो. कोडमध्ये काहीही बदल नसताना कधी पास तर कधी फेल होणाऱ्या, म्हणजे 'फ्लेकी' टेस्ट. गूगलने २०१६ मध्ये जाहीर केले होते की त्यांच्या जवळजवळ १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार हा दोष आहे. 'एखादी टेस्ट क्वचित फेल झाली तर बिघडले कुठे' म्हणणाऱ्यांसाठी फळ्यावर गणित मांडावे. प्रत्येक टेस्ट २०० पैकी एकदाच विनाकारण फेल होते असे धरा आणि बिल्डमध्ये अशा २०० टेस्ट आहेत असे धरा. अख्खी बिल्ड हिरवी, म्हणजे सगळ्या टेस्ट पास, निघण्याची शक्यता उरते सुमारे ३७ टक्के. म्हणजे बहुतेक वेळा लाल. मग लाल दिव्याकडे कुणी बघेनासे होते आणि त्या गर्दीत खरा बग निसटतो.

यावरचा सर्वात लोकप्रिय उपाय म्हणजे फेल झालेली टेस्ट आपोआप तीनदा चालवणे. तो घातक आहे. दोन थ्रेडच्या (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांच्या) शर्यतीमुळे दहात एकदा फेल होणारी टेस्ट तीन संधी दिल्यावर हजारात एकदाच लाल दिसते. ग्राहकाला मात्र तो बग दहात एकदा भेटतच राहतो, त्याला कुणी तीन संधी देत नाही. त्यापेक्षा रात्री एकाच कमिटवर (कोडच्या एकाच नोंदवलेल्या आवृत्तीवर) तीच टेस्ट शंभरदा चालवावी, टेस्टचा क्रम दर वेळी बदलावा आणि क्रम ठरवणारा सीड (ज्या आकड्यावरून तोच क्रम पुन्हा काढता येतो तो) लॉगमध्ये छापावा. क्रम बदलल्यावरच फेल होत असेल तर बहुधा आधीच्या टेस्टने डेटाबेसमध्ये काहीतरी मागे ठेवले आहे. एकाच एजंटवर (बिल्ड चालवणाऱ्या मशीनवर) दोन बिल्ड समांतर चालताना फेल होत असेल तर बहुधा दोघी एकच पोर्ट (नेटवर्कचे क्रमांकित दार) मागत आहेत. 'पाच सेकंद थांब' असे कुठे लिहिले असेल तर ते काढून 'अमुक दिसेपर्यंत थांब, जास्तीत जास्त तीस सेकंद' असे करावे. तोवर टेस्ट बाजूला ठेवायची असेल तर तिच्यावर जबाबदार माणसाचे नाव आणि तारीख हवी, नाहीतर ती कायमची अडगळीत जाते.

आपल्याकडचा एक खास प्रकार अशा चर्चेतच उघडा पडतो. बिल्ड सर्व्हर बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतो आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. म्हणून आपल्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरची तारीख कालचीच असते. टेस्टमध्ये एका बाजूला भारतीय तारीख आणि दुसऱ्या बाजूला यूटीसी तारीख असेल, तर रात्री दोनची नाइटली बिल्ड रोज लाल होते आणि सकाळी दहाला कुणी हाताने चालवली की हिरवी. लोक म्हणतात, सर्व्हर स्लो आहे. उपाय असा की कोडने घड्याळ थेट विचारू नये, ते बाहेरून द्यावे, आणि टेस्टमध्ये पहाटे ५:२९ आणि ५:३१ अशा दोन्ही वेळा ठरवून तपासाव्यात.

मराठीतल्या सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. कुठलीही कार्यक्रम समिती हा विषय निवडणार नाही, भिंतीवरच्या चिठ्ठीवर मात्र तो येऊ शकतो. ब्राउझरला आकडे मराठीत मांडायला सांगितले तर ते आपणहून देवनागरीत येतात, हिंदीत मात्र इंग्रजी आकडेच येतात, कारण युनिकोडच्या (संगणकावरील लिपींच्या प्रमाणाच्या) सीएलडीआर या भाषावार संकेतांच्या माहितीसाठ्यात दोन्ही भाषांची मूळ निवड वेगळी आहे. हिंदीसाठी लिहिलेली टेस्ट मराठीला लावली की तुटते ती इथे. 'गोऱ्हे' हे गाव शोधताना यादीत असूनही सापडत नाही, कारण तो र दोन प्रकारे टाइप होतो. एकदा 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून, आणि एकदा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच, आणि युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने (समान अक्षरे एका रूपात आणण्याच्या ठरीव पद्धतीने) ते एक होत नाहीत. शोधाआधी आपल्यालाच एका रूपात आणावे लागतात. टेस्ट डेटात गोऱ्हे, कुऱ्हाडे अशी नावे दोन्ही रूपांत असायलाच हवीत. या चर्चा मराठीत झाल्या तर फारच उत्तम. इंग्रजीत बोलायचे म्हणून गप्प बसणारे टेस्टर बरेच असतात, आणि बग नेमके त्यांनाच माहीत असतात.

गप्प बसण्याचे दुसरे कारण क्लायंटशी केलेला गोपनीयतेचा करार. पुण्यातले बहुतेक लोक दुसऱ्यांचे सॉफ्टवेअर तपासतात. सुरुवातीलाच 'चॅटम हाउस'चा नियम जाहीर करावा: ऐकलेली माहिती वापरा, पण ती कुणाची हे बाहेर सांगू नका. तो न सांगितल्यामुळे उत्तम विषय 'आमच्या प्रोजेक्टमध्ये एक इश्यू होता' इथेच थिजतात.

खोल्यांबद्दल थोडक्यात. व्यासपीठ आणि प्रोजेक्टर नको. असले की कुणीतरी स्लाइड लावतोच. खुर्च्या गोल, जाड मार्कर, आणि दर खोलीत ए-थ्री कागद, त्यावर तीनच रकाने: प्रश्न काय, काय करून पाहिले, कुठे अडले. फळ्याच्या फोटोला नोंद म्हणत नाहीत. दोन पायांचा नियम, म्हणजे जिथे आपल्याला काही मिळत नाही आणि आपण काही देत नाही तिथून उठून जाणे, आपल्याकडे पाळला जात नाही. उठणे हा अपमान वाटतो. म्हणून विषय मांडणाऱ्यानेच सुरुवातीला 'खुशाल उठा' असे सांगावे. मोठ्या गटात मध्ये पाच खुर्च्या ठेवून एक कायम रिकामी ठेवली, तर दोघा-तिघांची मक्तेदारी मोडते.

जागा शक्यतो कॉलेजची घ्यावी. कंपनीच्या आवारात गेटवर लॅपटॉपचा नंबर लिहून घेणे आणि वायफायचा ओटीपी यात पहिला तास जातो. नोंदणी फुकट असली की बरेच जण नाव घालून येत नाहीत. दोनशे रुपये अनामत घेऊन दारात परत द्यावी. आणि फॉर्म सोमवारी नको, दोन आठवड्यांनी पाठवा. प्रश्न दोनच ठेवा: ऐकलेल्यापैकी तुमच्या बिल्डमध्ये काय करून पाहिले, आणि ते चालले का?

आपले,
काही टेस्टर, पुणे