ड्रेसिंग रूममधल्या सिस्टरांना

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचा बायोप्सी रिपोर्ट हातात पडला त्याच दिवशी मी जखमेतली ड्रेनची नळी काढायला तुमच्याकडे आले होते. गाठ पूर्ण गेलेली असेल, एवढ्या एका आशेवर ऑपरेशनआधीची सगळी केमो काढली होती. साडेचार सेंटिमीटरची गाठ शेवटी हाताला लागेनाशी झाली होती. रिपोर्टात मात्र लिहिलेलं, शिल्लक ९ मिलिमीटर. केस गेले, नखं काळी पडली, ते सगळं पाण्यात गेलं असंच वाटलं मला.

तुम्ही ड्रेसिंग पुरं केलंत, हातमोजे काढलेत आणि स्टूल ओढून शेजारी बसलात. एकेका ओळीखाली पेनाचं टोक धरून वाचून दाखवलंत. कडा मोकळ्या, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला आजार नाही. काखेतल्या गाठींत आजार नाही. "ताई, तुमचा आजार हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारा; आणि हर-टू नावाच्या प्रथिनाला निगेटिव्ह. असल्या गाठी केमोने पूर्ण विरघळणं कमीच. म्हणून केमो फुकट गेली असं नाही. तुमचं मोठं औषध अजून सुरू व्हायचंय." म्हणजे अंगातलं ते हार्मोन कमी करणारी लेट्रोझोलची गोळी, निदान ५ वर्षं, रोज. डॉक्टरही हे बोलले होते, पण तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं.

मग मी विचारलं, "म्हणजे बरी झाले ना?" तुम्ही नुसतं 'हो' म्हणून मोकळ्या झाला नाहीत, याचेच मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत. दिसत होता तेवढा आजार काढलाय, म्हणालात. गोळी लागू पडतेय का, हे सांगणारी रक्ततपासणी नाही. ठरल्या तारखांना यायचं, वर्षाला मॅमोग्राफी करायची, आणि नवीन काही दुखणं सुरू होऊन थांबेना तर तारखेची वाट बघायची नाही.

घरचे सगळ्या अंगाचा पेट स्कॅन करा, रक्तातला कॅन्सरचा मार्कर तपासा म्हणून मागे लागले होते. तुम्ही ते डॉक्टरांनाच विचारायला लावलंत. त्रास नसताना गरज नाही, मार्कर दुसऱ्या कारणांनीही वाढतो, असं त्यांनी समजावलं. पैसे वाचलेच, पण उगाचची धास्तीही वाचली.

पहिली मॅमोग्राफी स्वच्छ आली, सिस्टर. गोळीने सांधे आखडतात, सकाळी मूठ वळत नाही, तरी एकही चुकवत नाही. परवा आमच्या आळीतली एक जण "अजून शिल्लक आहे गं" म्हणत रडत आली. मी आधी विचारलं, हार्मोनचा रिपोर्ट काय आहे? उत्तर देणं माझं काम नव्हे, पण डॉक्टरांना काय काय विचारायचं ते तिला कागदावर लिहून दिलं. एवढं मला तुमच्यामुळे जमलं.

तुमची,
साताऱ्याची ताई