"बॅटरी बंद कर" म्हणणाऱ्या काकांना

काका नमस्कार,

तुम्ही व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा पाठवता म्हणून इथे लिहितोय, सूनबाई वाचून दाखवतील. नाव टाकू नको म्हणालात, नाही टाकत.

आधी कबुली देतो. जानेवारीत मावशीकडे आंजर्ल्याला आलो होतो, जेवून किनाऱ्यावर चक्कर मारायला गेलो तर वाळूत छोटा ट्रॅक्टर गेल्यासारखा माग, आणि त्याच्या टोकाला ती, ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवीण, हळूहळू वर सरकत होती. मी काय केलं, तर मोबाईलचा टॉर्च लावून व्हिडिओ काढत सुटलो! ती थांबली आणि पाण्याकडे तोंड वळवायला लागली. तेव्हा कुठे टाळकं ठिकाणावर आलं. मावशीला फोन, मावशीचा तुम्हाला, आणि दहा मिनिटांत तुम्ही गाडीवरून हजर, स्वेटर उलटा. नमस्कार-चमत्कार काही नाही, पहिलं वाक्य, "बॅटरी बंद कर आधी ती!"

मग सुरूच्या झाडांमागे अंधारात बसवलंत. बिथरली तर अंडी न घालताच परत जाते, एवढंच कुजबुजलात. माझ्या पोटात गोळा. पण ती वळली परत वर, मागच्या वल्ह्यांनी खड्डा केला, आणि सगळं उरकल्यावर अख्ख्या अंगाने वाळू थापटायला लागली, धप धप धप, तो आवाज अजून कानात आहे.

ती पाण्यात गेल्यावर तुम्ही हाताने वाळू उकरलीत. अंडी म्हणजे पिंगपाँगचे बॉल, फक्त कवच मऊ. "फिरवू नको, जसं आहे तसंच उचल," असं मला निदान वीस वेळा सांगितलंत (एकदाच चुकलो, ते तुम्ही बघितलंत हे मला माहितेय). कुत्रे, कोल्हे आणि भरतीपासून वाचवायचं म्हणून जाळीच्या आत तेवढाच खोल, मडक्यासारखा खड्डा, अंडी ११२, पाटीवर तारीख. रात्रीचे अडीच वाजले होते.

यात तुम्हाला काय मिळतं असं मी शहरी शहाण्यासारखं विचारलं. तुम्ही म्हणालात, "लहानपणी ह्याच अंड्यांची पोळी खाल्लीय रे, तीच फेडतोय." वेळासला २००२ साली सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेवाल्यांनी कासवं वाचवायचं काम सुरू केलं ते बघून तुम्ही बदललात, हे मला नंतर मावशीकडून कळलं, तुम्ही स्वतःबद्दल बोलाल तर शपथ.

५२ व्या दिवशी दुपारी तुमचा फोन, "वाळू बसलीय, ये." म्हणजे पिल्लं बाहेर यायला निघाली. मी ऑफिसात काहीतरी थाप मारली आणि रात्रीची दापोली एसटी पकडली. सकाळी खड्ड्यावरची टोपली उचललीत तर वाळूतून तीन काळी डोकी वर, मग एकावर एक चढत सगळी गर्दी. ८७ निघाली. मी एकाला उचलून थेट पाण्यात सोडायला निघालो तर परत ओरडलात, त्यांना वाळूवरून स्वतःच चालत जाऊ दे म्हणून. पाच-सहा पावलं चालायचं, लाट उलटं पाडायची, परत उठायचं. एक तर माझ्या चपलेकडेच निघालं होतं.

हजारात एखादंच मोठं होतं म्हणतात, म्हणून विचारलं, यातलं कुणी परत येईल का हो. ते तुम्ही टाळलंत आणि गुहागरची गोष्ट काढलीत, ओडिशात २०२१ ला टॅग लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली ती, एवढा देशाला वळसा घालून. "ती कुठे कुणाला विचारून आली," म्हणालात.

असो. काका, थँक्यू, अगदी मनापासून, त्या ८७ जणांबद्दल पण आणि मला वेळेवर झापलंत त्याबद्दल पण. कासवं बिथरू नयेत म्हणून कुरियरने लाल उजेडाच्या दोन बॅटऱ्या पाठवल्यात, गुरुवारपर्यंत पोचतील. एक तुमची. दुसरी माझ्यासारखा कोणी टॉर्च मिरवत भेटला तर त्याच्या हातात द्या, आणि हो, ओरडून झाल्यावर द्या.

तुमचा,
मावशीचा पुण्याचा भाचा