आमच्या घराला वळण लावणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मुलाकडे राहायला निघालात तेव्हा मी आभार मानायला आलो होतो. तुम्ही मला अर्ध्यातच थांबवलंत आणि म्हणालात, "ते राहू दे, आईच्या दुपारच्या गोळ्या झाल्या का?" तोंडी आभार तुम्ही ऐकून घेणार नाही हे कळलं, म्हणून आता लिहितो आहे आणि चारचौघांसमोर लिहितो आहे. आईच्या आजारपणानंतर तुमचं घर एवढं शिस्तीत कसं चालतं, असं अनेकजण विचारतात. दर वेळी मी तुमचंच नाव घेतो. पण नुसतं नाव सांगून त्यांच्या हाती काही लागत नाही. तुम्ही नेमकं काय केलंत, ते सांगायला हवं.

आई दवाखान्यातून घरी आली तेव्हा डिस्चार्ज कार्डावर औषधांची लांबलचक यादी होती. रक्तदाबाची, साखरेची, रक्त पातळ ठेवणारी. काही उपाशीपोटी, काही जेवणानंतर, एक गोळी एक दिवसाआड. वर पथ्य, पुढच्या तपासण्यांच्या तारखा, विम्याचे कागद. मी आणि बायको दोघंही नोकरी करणारे, मुलीचं कॉलेज. घरात प्रत्येकजण जीव तोडून करत होता, तरी दिवस संपताना सगळ्यांच्या मनात एकच धाकधूक असायची: काही राहिलं तर नाही ना? तुम्ही शेजारून आलात. ऑपरेशन थिएटरमध्ये उभी हयात काढलेल्या सिस्टर म्हटल्यावर आम्हाला वाटलं, इंजेक्शन कसं द्यायचं, ड्रेसिंग कसं बदलायचं, ते शिकवाल. तुम्ही मात्र सगळ्यात आधी एक रिकामा खण मागितलात.

त्या खणापासून आमचं शिक्षण सुरू झालं. आईचं जे काही आहे ते त्या खणात, आणि त्या खणात आईचं सोडून दुसरं काही नाही. फाइलमध्ये सर्वांत वर ताजी चिठ्ठी, खाली रिपोर्ट तारखेप्रमाणे. पहिल्या पानावर तुमच्या टपोऱ्या अक्षरात गोषवारा: वय, रक्तगट, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, आधीच्या शस्त्रक्रिया, सध्याची औषधं, डॉक्टरांचा फोन. एखादी वस्तू शोधावी लागली, तर शोधणाऱ्यावर रागवायचं नाही, वस्तूची जागा बदलायची, हे तुमचं म्हणणं. माझ्या मते तुम्ही दिलेल्यातलं हे सर्वांत मोलाचं. पसाऱ्यावरून घरात जे खटके उडतात, ते बहुतेक माणसावर उडतात. तुम्ही त्यातून माणूस बाजूला काढलात आणि फक्त जागेचा प्रश्न शिल्लक ठेवलात. थर्मामीटर सारखा हरवत होता. तुम्ही तो कुठे सापडतो ते आठवडाभर पाहिलंत आणि शेवटी जिथे सापडायचा तिथेच, आईच्या उशाशी, त्याची जागा ठरवून टाकलीत.

मग औषधं. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे पाच तुम्ही माझ्या मुलीकडून पाढ्यासारखे म्हणून घेतलेत. पाकिटावरचं नाव तीनदा वाचायचं: खणातून काढताना, गोळी हातावर घेताना आणि पाकीट परत ठेवताना. आणि तक्त्यावर खूण करायची ती गोळी आईने गिळल्यावरच. हातात पेन आहे म्हणून आधीच खूण करून ठेवायची नाही. का, ते तुम्ही एका वाक्यात सांगितलंत: आधी खूण केली आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली, तर कागद म्हणेल दिली आणि गोळी राहील डबीतच. आठवड्याच्या कप्प्यांची डबी रविवारी सकाळी भरायची. काही गोळ्यांना ओलावा चालत नाही, त्या स्ट्रिपसकट कापून ठेवायच्या, आणि कुठल्या ते औषधवाल्याला विचारायचं, आपल्या मनाने ठरवायचं नाही. डबी भरतानाच पाहायचं की कुठलं औषध आठवडाभरापुरतंच उरलंय, आणि त्याच दिवशी ते मागवायचं. संपल्यावर धावपळ करून आणायचं, हा प्रकारच आमच्याकडून बंद झाला.

एवढं सगळं लिहून कशाला ठेवायचं, लक्षात राहतंच की, असं मी एकदा म्हणालो. तेव्हा तुम्ही थिएटरमधली मोजणी सांगितलीत. शस्त्रक्रियेआधी गॉजचे तुकडे, सुया, हत्यारं मोजायची, पोट बंद करण्याआधी पुन्हा मोजायची, शेवटचा टाका पडताना पुन्हा. दोघींनी मिळून, मोठ्याने. सर्जन कितीही मोठा असो, मोजणी जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही. तिथे कुणी म्हणत नाही की मला लक्षात आहे.

त्यानंतर मी या विषयावर बरंच वाचलं आणि तुमच्या सवयींची मुळं किती लांबवर गेली आहेत ते पाहून चकित झालो. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचं एक नवं बॉम्बफेकी विमान चाचणीच्या उड्डाणातच कोसळलं. चालवणारा वैमानिक नवशिका नव्हता, चांगला मुरलेला होता. विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्याने त्याचे नियंत्रणाचे भाग हलू नयेत म्हणून लावलेली खीळ काढायची राहून गेली होती. यंत्र इतकं गुंतागुंतीचं झालं होतं की एकट्या माणसाच्या आठवणीवर ते सोपवण्यात अर्थ नव्हता. मग वैमानिकांसाठी तपासणीची यादी आली. पुढे २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी अशीच १९ मुद्द्यांची यादी दिली. ती तीन वेळा थांबून वाचायची: भूल देण्याआधी, पहिला छेद घेण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली आणि २००९ मध्ये निष्कर्ष आले. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यावर आलं होतं, मोठ्या गुंतागुंतींचं ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. हे आकडे वाचले आणि आईच्या कपाटावर चिकटवलेल्या तुमच्या तक्त्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहिलं. यादी विसराळू माणसासाठी असते, हा समज माझ्या मनातून पुरता गेला.

पण ताई, तुमची सर्वांत सुंदर शिकवण रात्रीची. वॉर्डात एक पाळी संपून दुसरी सुरू होताना सिस्टर जसा हँडओव्हर देतात, तसा झोपण्याआधी आजच्या माणसाने उद्याच्या माणसाला द्यायचा. काय झालं, काय राहिलं, सकाळी पहिलं काम कोणतं. तुम्ही आम्हाला कागद दिलात तोही मुद्दाम लहान, चिठ्ठीएवढा. त्यावर ‘विमा’ असं लिहिलेलं तुम्हाला चालत नसे. विम्याचं काय? कुणाला फोन, कुठला कागद हाताशी ठेवून? ‘दहा वाजता विमा कंपनीला फोन, डिस्चार्ज कार्डाची प्रत जवळ’ असं लिहिलं की तुम्ही मान डोलवायचात. ती चिठ्ठी लिहायला लागल्यापासून माझ्या बायकोला झोप लवकर लागू लागली. आम्हाला वाटलं, दिवसभराच्या दमणुकीमुळे असेल. २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग वाचला तेव्हा उलगडा झाला. त्यात ५७ जणांपैकी काहींना झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या दिवसांची कामं लिहायला सांगितली होती आणि काहींना झालेली कामं. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली, आणि ज्यांची यादी अधिक नेमकी, त्यांना अधिकच लवकर. नेमकं लिही, असं तुम्ही का म्हणायचात, ते तिथे आकड्यांत मांडलेलं होतं.

आणखी एक प्रश्न तुम्ही हमखास विचारायचात. कुणी म्हणालं, मी उद्यापासून आईकडून व्यायाम करून घेईन, की तुम्ही विचारायचात, "कशानंतर?" किती वाजता, ते तुम्हाला फारसं महत्त्वाचं वाटत नसे, कारण घड्याळ पुढेमागे होतं. सकाळचा चहा झाला, कप खाली ठेवला, की हातापायांचा व्यायाम. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली नेमकं हेच मांडलं होतं: अमुक घडलं की मी तमुक करीन, असं आधीच ठरवून ठेवलेलं काम नुसत्या इच्छेपेक्षा कितीतरी जास्त वेळा पार पडतं. आईचा व्यायाम आजही चहाच्या कपाला बांधलेला आहे. कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही, तीच हात पुढे करते.

सवय एकवीस दिवसांत लागते म्हणतात, असं माझ्या मुलीने तुम्हाला सांगितलं होतं, आठवतं? तुम्ही फक्त "बघू" म्हणालात. त्या एकवीस दिवसांचा उगम १९६० साली मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने नोंदवलेल्या निरीक्षणात आहे. चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियेनंतर नव्या रूपाला रुळायला रुग्णांना किमान तेवढे दिवस लागतात, असं त्याने पाहिलं होतं. त्यातला ‘किमान’ पुढे गळून गेला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. काहींना १८ दिवस पुरले, काहींसाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्यातली मला सर्वांत धीर देणारी गोष्ट अशी की एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात विशेष फरक पडत नव्हता. तुम्हीही चुकलेल्या दिवसाचा हिशेब कधी मागितला नाहीत. उद्या त्याच वेळी, एवढंच म्हणायचात. कडक शिस्तीची म्हणून ओळखली जाणारी माणसं मी पाहिली आहेत, पण इतकी मऊ शिस्त तुमच्याकडेच पाहिली.

एका बाबतीत मात्र माझं तुमच्याशी अजून पटत नाही. सुट्टीच्या दिवशीही सगळ्यांनी त्याच वेळी उठावं, हा तुमचा आग्रह. आजारी माणसाच्या वेळा पाळायच्या, हे मान्य. पण अभ्यासाने थकलेल्या मुलीला रविवारी तासभर जास्त झोपू द्यावं, असं मला मनापासून वाटतं आणि आम्ही तसं करतो. तेवढी मोकळीक ठेवूनही बाकीचं नीट चाललं आहे.

आता त्या रात्रीबद्दल. तुम्हाला फोनवर थोडक्यात सांगितलं होतं, पण नीट सांगायचं राहिलंय. आम्ही दोघं बाहेरगावी होतो. घरी आजी आणि नात. मध्यरात्रीनंतर आईला धाप लागली. मुलीने आधी रुग्णवाहिका बोलावली, मग आम्हाला फोन केला, आणि गाडी येईपर्यंत फाइल, तक्ता आणि डबी पिशवीत भरून दाराशी ठेवली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, रक्त पातळ ठेवणारं औषध चालू आहे का? शेवटची गोळी कधी दिली? तिने तक्ता समोर धरला. वेळ लिहिलेली होती, गोळी गिळल्यानंतर केलेली खूण होती. डॉक्टरांना उपचार ठरवायला पुढे काही विचारावं लागलं नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा आईचा श्वास पुष्कळ शांत झाला होता.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० च्या सुमारास परिचर्येवर जे लिहिलं, त्यात एक आख्खं प्रकरण याच गोष्टीवर आहे: तुम्ही हजर असताना जे होतं, ते तुम्ही नसतानाही व्हावं याची सोय कशी लावायची. त्या रात्री घरात आम्ही नव्हतो, तुम्ही तर केव्हाच दुसऱ्या गावी गेला होतात, आणि तरीही सगळं जागच्या जागी होतं. एकोणीस वर्षांच्या मुलीला त्या घटकेला काहीही आठवावं लागलं नाही, म्हणून तिला आजीचा हात धरून बसता आलं. ती मला हे सांगत होती तेव्हा रडत होती, पण भीतीने नव्हे. ताई, याबद्दल आभार मानायला माझ्याकडे शब्द अपुरे आहेत. आमची आई आज आमच्यात आहे आणि माझी मुलगी स्वतःवर विश्वास ठेवायला शिकली आहे. दोन्हींत तुमचा हात आहे.

वळण आता आजारपणापुरतं उरलेलं नाही. विजेचं बिल, गाडीचा विमा, गॅसची नोंदणी, सगळ्याच्या तारखा एका पानावर आहेत. किल्ल्यांना जागा आहे. मुलीने परीक्षेच्या अभ्यासासाठी रात्रीची चिठ्ठी स्वतःहून सुरू केली. वरच्या मजल्यावरच्या काकांच्या पत्नी गेल्या महिन्यात दवाखान्यातून घरी आल्या, तेव्हा ती त्यांच्याकडे गेली आणि तिने पहिल्यांदा एक रिकामा खण मागितला. मी दारात उभा राहून ऐकत होतो.

तुम्ही मागे बोलता बोलता म्हणाला होतात की घर हलवल्यापासून तुमचे स्वतःचे कागद, पेन्शनची पुस्तकं, जुने रिपोर्ट अजून खोक्यातच आहेत, गुडघ्यांमुळे खाली बसून आवरणं होत नाही. ते आम्ही करतो. येत्या शनिवारी मी आणि मुलगी येतो, फाइली आणि लेबलं घेऊनच येतो. कुठला खण रिकामा करायचा तेवढं तुम्ही ठरवून ठेवा, आणि आईने विचारलंय, गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी दिलेला व्यायाम तुम्ही कशानंतर करता?

तुमचा,
शेजारचा भाऊ