कात्री उचलण्याआधी विचारणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

पॅराडाइज लॉस्ट या इंग्लिश मेटल बँडच्या 'ड्रॅकोनियन टाइम्स' अल्बमची ती सी-६० (साठ मिनिटांची) कॅसेट आता दोन्ही बाजूंनी वाजते, अगदी पहिल्या सुरापासून. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत आणि ते चारचौघांत मानायचे आहेत. तुमचं नाव लिहीत नाही, पण आपल्या नागपुरात बर्डीवर अजून असं काम होतं आणि ते कसं होतं, हे लोकांना कळलं पाहिजे.

तुमच्याकडे येण्याआधी एका दुकानात डेक न तपासताच ही कॅसेट आत सरकवली गेली. फीत गुंडाळून घेणारं टेक-अप रीळ फिरवणाऱ्या आयडलर चाकाचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. अशा वेळी रीळ थांबतं, पण कॅप्स्टन ही फिरती दांडी आणि तिला दाबणारं रबरी चाक, म्हणजे पिंच रोलर, फीत ओढतच राहतात. ओढलेली फीत गुंडाळून घ्यायला रीळ फिरत नसेल तर ती रोलरभोवती गुंतते आणि चुरगळते. असल्या डेकमध्ये आधी एखादी टाकाऊ कॅसेट चालवून बघायची असते. एवढं साधं पथ्यही तिथे पाळलं गेलं नाही. वर सल्ला मिळाला, "तेवढा तुकडा कापा अन् चिकटवून टाका." दुसऱ्या एका ठिकाणी तर कॅसेट हातातही न घेता सांगितलं गेलं की फेकून द्या, सगळं फोनवर मिळतं.

तुम्ही ती फीत दिव्याखाली धरली. कात्री आणि फीत जोडायची स्प्लायसिंग टेप समोरच होती. आणि तुम्ही विचारलंत, "इथं काय आहे?"

या तीन शब्दांसाठी हे पत्र आहे, काका.

इथे पियानो आहे. पहिलं गाणं 'एन्चान्टमेंट' पियानोनं उघडतं आणि गिटारचा भार त्यानंतर येतो. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते, म्हणजे पाच सेंटिमीटर कापले की साधारण एक सेकंद संगीत कायमचं गेलं. जिथे रिफ, म्हणजे गिटारची तीच ओळ, पुन्हा पुन्हा येते तिथून एक सेकंद गेला तर ठेका अडखळतो, एवढंच. पण या सुरावटीतून एक सेकंद काढला तर अख्खा अल्बम भलत्याच जागी सुरू होतो. हे संगीत तुमच्या रोजच्या ऐकण्यातलं नाही. तरीही त्या तुकड्यावर काहीतरी मोलाचं असू शकतं, हे तुम्ही गृहीत धरलंत.

मग कात्री बाजूला गेली. फितीची मॅग्नेटिक बाजू बोटाला लागू न देता, पाठीमागच्या बाजूवरून गुळगुळीत दांडा हलक्या हातानं फिरवत तुम्ही घड्या बसवल्यात. काही जण इथे कोमट इस्त्री फिरवतात. त्यानं पॉलिएस्टरची फीत आक्रसते आणि मग तिला काही उपाय उरत नाही. एका सुरात किंचित बुडी राहिली आहे, कारण जिथे घडी असते तिथे फीत तिच्यावरचा आवाज वाचणाऱ्या हेडला पूर्ण टेकत नाही. पण सूर जागेवर आहे.

माझ्या डेकचं कामही तुम्ही याच पियानोवर पारखलंत, आणि त्याहून चांगली कसोटी नाही. जुन्या कॅप्स्टन पट्ट्याचं रबर विरघळून डांबरासारखं चिकट होतं. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुलीवरून पूर्ण निघालं नाही तर नवा पट्टाही हेलकावे देतो. नवा पट्टा घेताना दोरीनं मार्ग मोजून त्याहून साधारण पाच टक्के लहान घ्यायचा. सैल पडला तर घसरतो, फार ताठ बसला तर मोटारच्या बेअरिंगवर ताण येतो. वेग ३१५० हर्ट्झच्या टेस्ट टेपवर लावला तरी खरा निकाल कानच देतात. डिस्टॉर्शनमध्ये बुडालेली गिटार थरथर लपवते, पियानोचा लांबलेला सूर ती लगेच उघडी पाडतो.

अ‍ॅझिमथचं, म्हणजे हेडच्या कोनाचं, मात्र वेगळं सांगायला हवं. ही घरगुती कॉपी होती, कुणाच्या तरी दुसऱ्याच डेकवर केलेली. रेकॉर्ड करणाऱ्या हेडचा कोन आणि वाजवणाऱ्या हेडचा कोन जुळला नाही की वरच्या पट्टीतला आवाज मरतो. मग लोक ट्रेबल वाढवतात आणि वाढते ती फक्त खरखर. त्यात खरखर कमी करणारं डॉल्बी चालू असेल तर आवाज आणखीच घोंगडीखाली जातो. तुम्ही दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोत ऐकत हेडशेजारचा स्क्रू जरा-जरा फिरवलात आणि झांजा उजळल्या तिथे थांबलात. हेड मुळात कुठे होतं याची खूण तुम्ही आधीच रंगाच्या ठिपक्यानं करून ठेवली होती, नाहीतर बाकीच्या कॅसेट दबक्या वाजल्या असत्या.

त्या झांजा ड्रमर ली मॉरिसच्या. पॅराडाइज लॉस्टमध्ये आल्यावरचा त्याचा हा पहिला अल्बम. इंग्लंडच्या यॉर्कशरमधलं हॅलिफॅक्स हे या बँडचं गाव. १९९१ च्या 'गॉथिक' अल्बममध्ये गायक निक होम्सचा घोगरा गुरगुराट आणि त्याला छेदून जाणारा बाईचा आवाज होता. पुढे एका अख्ख्या शैलीला लोक त्याच नावानं, 'गॉथिक मेटल' म्हणून, ओळखू लागले. १९९५ च्या 'ड्रॅकोनियन टाइम्स'पर्यंत होम्स गाऊ लागला होता. खरखर राहिली, पण शब्द कळू लागले, चाल लक्षात राहू लागली. सायमन एफेमीच्या निर्मितीत प्रत्येक वाद्याला स्वतःची जागा आहे, म्हणूनच वरची पट्टी गेली की या अल्बमचं फार नुकसान होतं. सगळ्यात आधी हरवते ती ग्रेगर मॅकिंटॉशची लीड गिटार. ती मध्येच येऊन सोलो वाजवून निघून जात नाही, गायकाच्या बरोबरीनं शेवटपर्यंत रडत राहते. खाली एरन एडीची रिदम गिटार जड पावलांनी चालते, म्हणून वरचं रडणं कुठेही भाबडं होत नाही. 'हॅलोड लँड'मध्ये हे दोघं ऐकावेत. बारा गाणी, साधारण ४९ मिनिटं. सी-६० च्या एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा बरोबर मावतात. पहिली बाजू 'शॅडोकिंग्ज'वर संपते आणि कॅसेट उलटायला उठावं लागतं. तेवढी उसंत या संगीताला शोभते.

ज्यांच्याकडे अशा कॅसेट पडून आहेत त्यांच्यासाठी तुम्ही सांगितलेलंच इथे लिहितो. आपल्या नवतपाच्या, भर उन्हाळ्यातल्या त्या नऊ दिवसांच्या, उन्हात पोटमाळ्यावर किंवा बंद गाडीत कॅसेट ठेवू नका. कवच वाकतं आणि फीत हेडवर दाबून धरणाऱ्या आतल्या प्रेशर पॅडचा गोंद सुटतो. पॅड पडला की आवाज मधूनमधून बुडतो. तो दुसऱ्या कॅसेटमधून काढून बसवता येतो, त्यासाठी फीत टाकायची गरज नाही. कूलरच्या ओल्या झोतासमोरचं कपाटही नको. फितीच्या कडेवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, ती डेकमध्ये घालू नका, नाहीतर पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागेल. आणि तुटलेल्या फितीला साधी सेलोटेप कधीच नाही. तिचा गोंद पाझरून शेजारच्या थरांना आणि हेडला चिकटतो.

काका, दुसऱ्याची वस्तू हातात घेतल्यावर तिच्यात काय आहे हे विचारायला वेळ लागत नाही, पैसाही लागत नाही. ज्यांनी विचारलं नाही त्यांच्याकडे तुमच्याहून महागडी अवजारं होती. आपल्या शहरात अशी माणसं आहेत जी ग्राहकाच्या आवडीला हसत नाहीत, "कशाला हवंय हे?" असं म्हणत नाहीत आणि काम मनासारखं होईपर्यंत मशीनचं झाकण लावत नाहीत. त्यांचा मला फार आदर वाटतो आणि तुम्ही त्यातले आहात.

एक विनंती आहे. दुसरी बाजू वाजत असताना शेवटच्या 'जेडेड' गाण्यापर्यंत तुम्ही ऐकत बसला होतात. कॉपी काढून ठेवली आहे, तुमच्यासाठी, तुमच्याच दुकानातल्या डेकच्या कोनावर. नाही म्हणू नका.

तुमचा कृतज्ञ,
धरमपेठेतला एक ग्राहक